पांढऱ्या झाकणाचा टँकर

रशीदभाईंनी टँकरभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग किल्ली माझ्या हातात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, मैं नइ चलाता इसको. टँकर बोले थे, आप तो दूल्हे की घोडी बना दिए."

चिकलठाण्याच्या एका गॅरेजात आम्ही तिघं उभे होतो. रशीदभाई, म्हणजे वीस वर्षं गाडी चालवलेले ड्रायव्हर. सुनंदाताई खरात, म्हणजे टँकरच्या मालकीणबाई. आणि मी, ग्राफिक डिझायनर. टँकर नुकताच रंगून तयार झाला होता. दुधासारखा पांढरा, मधून एक रुंद वांगी रंगाचा पट्टा आणि पट्ट्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत 'सुनंदा वॉटर सप्लाय'. मला तो इतका आवडला होता की मी सकाळपासून त्याचे चाळीसेक फोटो काढले होते. मी सुनंदाताईंकडे बघितलं. त्या हसू दाबत होत्या.

"चालवा हो रशीदभाई," त्या म्हणाल्या. "आठ दिवस चालवा. नायच जमलं तर बघू."

हे सगळं ज्या वर्षी घडलं, ते लागोपाठ दुसऱ्या दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडी मृतसाठ्यावर आलं होतं. मृतसाठा म्हणजे धरणाच्या तळाचं असं पाणी की जे नेहमीच्या दारांतून बाहेर येत नाही, पंप लावून उपसावं लागतं. आणि नेमकं त्याच वर्षांत आपलं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, चहूकडं वाढत सुटलं होतं. बीड बायपासच्या पलीकडे जिथं ज्वारी उभी असायची, तिथं सहा मजली इमारती उभ्या राहिल्या. लिफ्ट आली, जिम आली, गेटवर कारंजं आलं. पाण्याची पाइपलाइन तेवढी आली नाही. शेंद्र्याच्या कंपन्यांत नोकरीला लागलेली पोरं, निवृत्त शिक्षक, बँकवाले, सगळ्यांनी फ्लॅट घेतले आणि सगळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले.

माझं ऑफिस तेव्हा गुलमंडीजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, एक कूलर, आणि त्यात घालायला पाणी नाही. वडील कलेक्टर कचेरीत क्लार्क होते. मी सरकारी चित्रकला महाविद्यालयात गेले तेव्हा त्यांनी जो कपाळाला हात लावला, तो पुढं बरीच वर्षं काढला नाही. माझं काम बहुतेक वाळूजच्या कंपन्यांचं असायचं. खोक्यांवरची छपाई, कॅटलॉग, दिवाळीचं कॅलेंडर. टँकरवाली बाई माझा जिना चढून आली तेव्हा मला वाटलं, झेरॉक्सवाल्याकडं आल्या असतील आणि चुकून वर आल्या.

चुकून आल्या नव्हत्या. त्यांचे तीन टँकर होते. पैठण रोडला भावाच्या शेतातली विहीर अजून टिकून होती, तिथून त्या पाणी उचलत. यजमान शेंद्र्याला एका कंपनीत शिफ्टला, धंदा या एकट्या बघायच्या. पंधरा दिवसांपूर्वी बायपासच्या पलीकडच्या एका सोसायटीत कुणा दुसऱ्याच टँकरनं खारट, वासाचं पाणी टाकलं होतं. लोकांची पोटं बिघडली. टँकर कुणाचा, ते कुणालाच सांगता येईना. सगळे टँकर सारखेच, हिरवट, गंजलेले, मागं वाकड्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी'. कुणीतरी म्हणालं, त्या खरातबाईचा असेल. झालं. ती सोसायटी गेली.

"आता दोनशे फ्लॅटची एक सोसायटी राहिली माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "ती गेली की बाकीच्या तिच्या मागं जात्यात. मला लई काय नको मॅडम. दुसऱ्याच्या पाण्याचा बोल मला लागू नये. माझा टँकर माझाच दिसला पाहिजे."

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आपल्याला नेमकं काय हवं ते सांगतं, त्याला ब्रीफ म्हणतात. तीस वर्षांत मला मिळालेली बहुतेक ब्रीफं "काहीतरी वेगळं करा ना मॅडम" एवढीच होती. इतकी स्वच्छ ब्रीफ मला त्याआधी मिळाली नव्हती. ब्रँड म्हणजे तरी दुसरं काय? लोकांनी तुमचं नाव न वाचता तुम्हाला ओळखणं. मी लगेच हो म्हणाले. तिघांपैकी त्या सोसायटीला जाणारा टँकर आधी रंगवायचा ठरला.

पहिली घसरगुंडी रंगावर झाली. पाणी म्हटल्यावर मी निळा रंग धरला आणि तीन निळ्या छटांचे कागद त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी कागद बघितले, सरळ केले आणि परत माझ्याकडं सरकवले.

"निळा माझा आहे मॅडम. घरात आहे, मनात आहे. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत या, दुसरा रंग दिसायचा नाय. पण टँकर सगळ्यांच्या दारात जातो. लोकांनी पाणी बघावं, माझी जात बघत बसू नये."

मला लाज वाटली. जन्म या शहरात गेला आणि एवढं सुचू नये? इथं भगवा कुणाचा, हिरवा कुणाचा, निळा कुणाचा, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन घेतानाही माणसं चार वेळा विचार करतात. मग मी वांगी रंग काढला. वांगी रंगाचा झेंडा अजून कुणी काढलेला नव्हता. ताईंना तो फार आवडला. आणि बाकी टँकर मी पांढरा ठरवला. पांढरा म्हणजे स्वच्छ. शंभर गंजक्या टँकरांत एक पांढरा आला की लांबून दिसणार. तर्क अगदी बिनतोड होता. असं माझं मत होतं.

तर तो पांढरा टँकर रस्त्यावर निघाला आणि खरंच सगळ्यांनी माना वळवल्या. सोसायटीच्या गेटवर पोरं ओरडली, "पांढरा आला, पांढरा आला." सोसायटीचे सचिव बोर्डे सर, निवृत्त गणिताचे शिक्षक, यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं की आता रजिस्टर बघायची गरज पडत नाही, टँकर कुणाचा ते वॉचमनही ओळखतो. आठवड्यात दोन नव्या इमारतींनी सुनंदाताईंना विचारलं. मी तरंगत होते. पांढऱ्या टँकरचा फोटो मोठा करून मी ऑफिसच्या भिंतीवर लावला, येणाऱ्याला आधी तोच दिसेल असा.

सगळ्यात जास्त पालटले रशीदभाई. जो माणूस किल्ली माझ्या हातात देऊन मोकळा झाला होता, तो आता टँकरला धुळीचं बोट लागू देईना. चहाच्या टपरीवर दुसरे ड्रायव्हर चिडवायला लागले तर हे मिशीत हसून म्हणायचे, जळतात सगळे.

मग एका सकाळी बोर्डे सरांचा पुन्हा फोन आला. आवाज वेगळा होता. सर मोजकं बोलतात. म्हणाले, "मॅडम, तुमचा टँकर रोज आमच्या गेटसमोर आंघोळ करतो. हे तुम्ही सांगितलंत का?"

मला आधी कळेचना. मग कळलं. बायपासच्या पलीकडे तेव्हा डांबरी रस्ता नावालाच होता. जिकडे तिकडे बांधकाम, जिकडे तिकडे माती. पांढरा टँकर दुसऱ्या खेपेला तांबूस आणि चौथ्या खेपेला मातकट व्हायचा. रशीदभाईंना ते बघवायचं नाही. सोसायटीच्या हौदात पाणी सोडून झालं की टाकीच्या तळाशी जे थोडं राहायचं, ते बादलीत काढून ते गाडी धुवायचे. रोज. गेटसमोर. दोनशे फ्लॅटच्या बाल्कन्यांसमोर. आणि या फ्लॅटवाल्यांना माणशी दोन बादल्यांवर दिवस काढावा लागत होता. आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी बाल्कनीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "माझ्या नातवाला दोन दिवस आंघोळ नाही, आणि यांचा टँकर रोज न्हातोय."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत फिरलं. सरांनी सांगितलं की रविवारी सभा आहे, टँकर बदलायचा विषय आहे आणि बहुतेक तो बदलणार.

म्हणजे बघा. त्या गंजक्या टँकरांपैकी कुणी गाडी धुतली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. सुनंदाताईंचा टँकर लांबून दिसावा म्हणून मी जीव तोडला होता. तो दिसला. त्यांना दुसऱ्याच्या पाण्याचा बोल नको होता. तो टळला, आणि त्याजागी मी त्यांना माझ्या रंगाचा बोल मिळवून दिला. दुष्काळात मी पांढरा टँकर काढला होता. पांढरी गोष्ट धुवावी लागते, हे मला चित्रकला महाविद्यालयात जाण्याआधी, घरच्या मोरीतच शिकवलेलं होतं.

सुनंदाताई दुपारी ऑफिसला आल्या. मला वाटलं आता तोंड सुटणार. सुटलं असतं तर बरं झालं असतं. त्या भिंतीवरच्या फोटोकडं बघत बसल्या.

"रशीदभाई रडले आज," त्या म्हणाल्या. "म्हणाले, मैंने आपका घाटा किया. मी म्हणलं, नाय हो. गाडी तेवढी देखणी केली म्हणून धुतली तुम्ही. वंगाळ असती तर कोण धुतं?"

मी म्हणाले, चूक माझी आहे, तुमची नाही आणि त्यांची तर नाहीच. त्या म्हणाल्या, चूक कुणाची ते नंतर बघू, रविवार जवळ आलाय. आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या आजींच्या घरी गेले. माफी मागायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं तर कुठून सुरुवात करावी तेच कळत नव्हतं. त्या वर्षांत आपल्याकडं एक रीत पडली होती. पाहुणा आला की आधी विचारायचं, पाणी किती देऊ? पूर्ण पेला कुणी भरायचं नाही, कारण उरलेलं ओतून देताना घरच्या बाईच्या जिवावर यायचं. आजींनी विचारलं. मी अर्धा म्हणाले. अर्धा पेला आला आणि मी तो थेंबभरही न ठेवता संपवला. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

मी कोण आणि कशाला आले ते सांगितलं. टँकर रंगवायला शिकलेली माणसं लागतात, याचं त्यांना नवल वाटलं. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. पांढरा आला होता. म्हणजे नावाचा पांढरा. रशीदभाईंनी दोन दिवसांत त्याला पाण्याचा हात लावला नव्हता, त्यामुळे तो रस्त्याच्याच रंगाचा झाला होता. आम्ही दोघी बाल्कनीत उभ्या राहिलो.

आणि तिथं मला पहिल्यांदा दिसलं की मी टँकर कुठून बघत आले होते. मी तो रस्त्यावरून बघितला होता. बाजूनं. माझा सुंदर वांगी पट्टा बाजूला होता, नाव बाजूला होतं. बाल्कन्यांतल्या या बायका टँकर बघत होत्या वरून. वरून पट्टा दिसतच नव्हता. दिसत होती फक्त टाकीची पाठ, आणि त्या मातकट पाठीवर एकच पांढरी गोल वस्तू. झाकण. टाकीत पाणी भरायच्या तोंडावरचं लोखंडी झाकण.

"झाकण कसं काय स्वच्छ?" मी विचारलं.

"ते पुसतात ना," आजी म्हणाल्या. "तो दाढीवाला. रुमाल ओला करतो, झाकण पुसतो, पाइपाचं तोंड पुसतो, मग पाणी सोडतो. मी रोज तेवढंच बघते. बाकीचा टँकर घेऊन काय करायचंय? त्यातून पाणी थोडंच येतं."

मी खाली धावत गेले. रशीदभाईंना विचारलं, झाकण कधीपासून पुसता? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "हमेशा. पीने का पानी है, मॅडम." विहिरीवर भरताना पुसायचं, इथं सोडताना पुसायचं. मी कधी बघितलंच नव्हतं. टँकर रंगवायच्या आधी मी या माणसाबरोबर एक खेपसुद्धा केली नव्हती. कंपन्यांच्या खोक्यांसाठी मी गोडाऊनमध्ये दिवस दिवस घालवायचे, आणि टँकर म्हणजे काय, रस्त्यावर रोज दिसतो, असं धरून चालले होते.

त्याच दुपारी मी सुनंदाताईंना फोन केला. म्हटलं, टँकर परत रंगवायचा. माझ्या खर्चानं. कुठला रंग, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मातीचा. त्या म्हणाल्या, "बोला, ऐकते."

टँकरच्या बॉनेटवरची धूळ आम्ही कागदाच्या पुडीत भरली आणि रंगाच्या दुकानात गेलो. तिथं मशीनवर हवा तो रंग मिसळून देतात. दुकानदारानं पुडी उघडली, बोटानं चोळली आणि कुठल्या बंगल्याला लावायचाय, असं विचारलं. ताई म्हणाल्या, "बंगल्याला नाय, धुळीलाच लावायचाय." तो बिचारा हसावं की नाही या पेचात पडला. पण रंग त्यानं हुबेहूब काढून दिला.

कल्पना साधी होती. सगळी टाकी धुळीच्या रंगाची. वर कितीही धूळ बसली तरी कळणार नाही, धुवायची गरजच नाही. पांढऱ्या फक्त दोन जागा. वरचं झाकण आणि मागचा कॉक, जिथून पाइपात पाणी येतं. पाणी जिथून आत जातं आणि जिथून बाहेर येतं, तेवढंच पांढरं. ते ओल्या रुमालानं पुसता येतं, तांब्याभर पाणीही लागत नाही. झाकणाच्या कडेनं वांगी रंगाची एक गोल रेघ, म्हणजे वरून ओळखता यावं. नाव कॉकच्या वर, वॉचमन उभा असतो त्याच्या डोळ्यासमोर. आमच्या शिक्षणात आम्हाला सांगतात की बघणाऱ्याची नजर जिथं जायला हवी तिथंच उठाव द्या, बाकी गप्प ठेवा. अधूनमधून कॉलेजात शिकवायला जायचे तेव्हा हे मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा सांगितलं होतं.

पण रंग वाळायला वेळ लागतो आणि रविवार थांबणार नव्हता. सभेला आम्ही कागदावरचं चित्र घेऊन गेलो. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बोर्डे सरांनी विषय मांडला. दोघं-तिघं तावातावानं बोलले आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मी चित्र उघडून समजावायला उठले, तर सुनंदाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"तुमच्या दारात गाडी धुतली, ही चूक झाली. ड्रायव्हरची नाय, माझी. मला गाडी चांगली दिसायला पाहिजे होती. आजपासून गाडी धुणार नाय. ती मळलेली दिसंल. झाकण मळलेलं दिसलं तर त्या दिवशी पाणी घेऊ नका, गाडी भरलेली परत पाठवा. मी काय बोलणार नाय."

भरलेला टँकर परत पाठवायचा, हे त्या उन्हाळ्यात कुणी ऐकलेलंही नव्हतं. मग मागच्या रांगेतून आजींचा आवाज आला.

"झाकण मी बघत जाईन. मला काय, दिवसभर तेच काम."

लोक हसले. बोर्डे सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जाहीर केलं की पंधरा दिवस बघू. घरी येताना सुनंदाताईंनी रिक्षात माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले आणि दोन महिन्यांचा पूर्ण उन्हाळा. सोसायटी टिकली. आजींनी भरलेला टँकर एकदाच परत पाठवायला लावला. त्या दिवशी रशीदभाई सुट्टीवर होते आणि बदली ड्रायव्हरनं रुमाल ओला केला नव्हता. सुनंदाताईंनी शब्दानं विचारलं नाही, तो टँकर विहिरीवर जाऊन झाकण पुसून परत आला. ही बातमी बायपासवर माझ्या कुठल्याही पट्ट्यापेक्षा जोरात फिरली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांचे तीनाचे पाच टँकर झाले. रशीदभाईंनी मात्र मातकट टँकर बघून एवढंच म्हटलं, "अच्छा है. पर घोडी घोडी थी."

पुढच्या उन्हाळ्यात मी बायपासवरून चालले होते आणि सिग्नलला एक मातकट टँकर दिसला. मागचा कॉक पांढरा. मी खूश झाले. पुढं गेले तर अजून एक. नाव भलतंच. मग तिसरा. माझं डोकं फिरलं. मी तिथूनच सुनंदाताईंना फोन लावला. म्हटलं, ताई, लोक आपलं डिझाइन उचलताहेत, नोटीस पाठवू या, वकील माझ्या ओळखीचा आहे. तुमचा टँकर तुमचाच दिसला पाहिजे, ही तुमचीच अट होती.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ते झाकणं पुसत्यात का?"

मी समोरच्या टँकरकडं बघितलं. झाकण खालून दिसत नव्हतं, पण पांढऱ्या कॉकवर धुळीचा कण नव्हता. मी म्हटलं, कॉक तरी पुसलेला दिसतोय.

"मग राहू द्या. मला दुसऱ्याच्या पाण्याचा बोल नको होता, एवढंच. सगळ्यांनीच झाकणं पुसली तर बोल लागायचा कुठून?"

मी फोन ठेवला. सिग्नल सुटला आणि तो टँकर माझ्या पुढून निघून गेला.

आता मी काम कमी केलंय. कधीमधी कॉलेजात मुलांपुढं बोलायला बोलावतात तेव्हा पांढऱ्या टँकरचा तो फोटो दाखवते. मुलं वाहवा करतात. मग मी त्यांना सांगते की हा माझा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात वाईट टँकर. चांगला कुठाय, ते विचारतात. त्याचा फोटो माझ्याकडं आहे, पण दाखवण्यात अर्थ नाही. रस्त्यावर तो रस्त्यासारखाच दिसतो. तो बघायचा तर तिसऱ्या मजल्यावर जावं लागतं, आणि आधी अर्धा पेला पाणी संपवावं लागतं.